कळसूबाईच्या वाटेवर मेरीचे बूट

बायकोचे, मेरीचे, निळे बूट कळसूबाईच्या माथ्यावर न्यायचे, एवढ्याचसाठी सॅम्युएल भिंगारदिवे लेकीला घेऊन बेलापूरहून बारी गावी आला होता. दोघांनी मिळून शिखर गाठायचं म्हणून मेरीने ते बूट हौसेने घेतले होते. बूट खोक्यातच राहिले आणि मेरी आजारात गेली.

मग सॅम्युएलने व्यायामाचा ध्यास घेतला. पहिल्या वर्षी एकदम धावतच सुटला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! याच्या गुडघ्याला पट्टा बसला. दुसऱ्या वर्षी झेपेना एवढं वजन उचललं आणि कंबर धरून अंथरुणात पडला. मेरी असती तर म्हणाली असती, "अहो, रोज चर्चपर्यंत चाला, तेवढं पुरे." पण सांगायला ती होती कुठे?

कालच्या उत्तम शुक्रवारचा, गुड फ्रायडेचा, उपास त्याने अजून सोडला नव्हता. बूट माथ्यावर पोचल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. आराधनाला, त्याच्या लेकीला, याचा पत्ताच नव्हता.

वैशाखाआधीच कातळ तापला होता. वाळलेल्या गवतातून वाट वर वर चढत होती, आणि मागे वळून पाहिलं की बारीची घरं काडेपेटीएवढी दिसत होती. वाटेवरच्या झोपडीतून रंगुबाईने हाक मारली, "बाबा, तोंड लई सुकलंय! वाईच ताक घ्या की."

"उतरताना घेतो," म्हणत तो पुढे निघाला.

लोखंडी शिडी आली. वारा सुटला. एक पायरी. दुसरी. डोळ्यांपुढे अंधारी आली! हात सुटला!

"पप्पा!"

खालून आराधनाने खांदा लावला. दोघंही कठड्याला चिकटले. त्याच्या खांद्यावरची बुटांची पिशवी मात्र कलंडली, एक निळा बूट निसटला, कड्यावर आपटला आणि दरीत दिसेनासा झाला!

शिडीखाली बसवून आराधनाने त्याचं तोंड पुसलं. "सकाळपासून काय खाल्लंय?"

"काही नाही."

"आणि काल?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"आई गेली, पप्पा. आता तुम्हीपण जाणार का? मी कुणाकडे बघायचं?" ती हुंदके देऊन रडू लागली.

माथ्यावरच्या देवळाची घंटा ऐकू येत होती. एवढंच अंतर उरलं होतं. सॅम्युएलने एकदा वर पाहिलं. काळीज तुटत होतं, पण त्याने लेकीचा हात धरला.

"चल, उतरू," तो म्हणाला.

रंगुबाईच्या झोपडीत त्याने उपास सोडला. उरलेला बूट मांडीवर घेऊन तो ढसाढसा रडला. रंगुबाईने काही विचारलं नाही, ताकाचा पेला पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी ईस्टर. बेलापूरच्या दफनभूमीत फुलं घेऊन सगळं गाव लोटलं होतं. त्या गर्दीत त्याला मेरीशी बोलवेना.

सोमवारी सकाळी तो चहा-चपाती खाऊन निघाला. धावला नाही. गुडघा कुरकुरला तिथे थांबला, पुन्हा चालू लागला. चर्च आलं, तसा मागच्या दफनभूमीत शिरला. कालची फुलं कोमेजली होती. त्याने तो एकटा बूट मेरीच्या क्रुसापाशी ठेवला.

"वर नाही पोचलो गं. जोडही मोडला," तो म्हणाला. "पण इथवर चालवतं."

मग डोळे पुसून तो घराकडे वळला.

"येतो, मेरी. उद्या परत येतो."