टोमॅटोतून टोमॅटो वजा

टोमॅटोच्या सॉसमधून टोमॅटो वजा केला, तर मागे काय उरतं?

काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हटलं होतं, तेही पाय आपटून. आधीच सांगून टाकते, मला राग पटकन येतो.

मी तितिक्षा चाफेकर, वय वर्षं बारा, मुक्काम चंद्र. चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ जमिनीखाली आमची वसाहत आहे आणि तिथे चाळीस माणसं राहतात. आठवडाभर जो तो आपल्या कामाच्या वेळेप्रमाणे जेवतो, पण रविवारी दुपारी सगळ्यांची एक पंगत बसते. त्या पंगतीत लालभडक सॉस घातलेला पास्ता असतो, कारण आमच्या हरितगृहात (दिव्यांच्या उजेडावर चालणाऱ्या बंदिस्त शेतीत) टोमॅटो सगळ्यात जोमाने येतात. आणि आमची पद्धत अशी, की ज्या मुलाला सात वर्षं पूर्ण होतात त्याने त्या रविवारी सॉस वाढायचा. पातेलं घेऊन ओळीतून फिरायचं, प्रत्येकाला आग्रह करायचा, आणि शेवटी त्याला सगळ्यांनी मिळून वाढायचं. मी माझ्या वेळी तिघांच्या मांडीवर सॉस सांडला होता, तरी मला शाबासकी मिळाली.

येत्या रविवारी माझी धाकटी बहीण जुई सात वर्षांची होणार होती. आणि जुईला टोमॅटो चालत नाही.

चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. चार वर्षांची असताना तिने टोमॅटोची एक फोड खाल्ली, तर ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला. दोन दिवस दवाखान्यात होती. तेव्हापासून तिचं जेवण आई वेगळ्या भांड्यांत करते, आणि पंगतीच्या दिवशी ती कोपऱ्यातल्या टेबलावर बसून आपला बंद डबा खाते. इथलं गुरुत्वाकर्षण (वस्तूला खाली ओढणारं बळ) पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे, त्यामुळे सॉसचा थेंब उडाला की पार पलीकडच्याच्या नाकापर्यंत पोचतो. म्हणून तिला सॉसच्या आसपास फिरकूसुद्धा देत नाहीत.

सोमवारी सकाळी मृदुलामावशींनी वाढपाची यादी लावली. आमचं स्वयंपाकघर त्याच सांभाळतात. यादीत लिहिलं होतं, ‘जुई : मीठ’.

मीठ! चिमटीने! ताटाच्या कोपऱ्यात! जुईने यादी दोनदा वाचली. “मी रविवारी खोलीतच जेवीन,” एवढंच म्हणाली आणि निघून गेली. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला आणखीनच राग येतो.

“मावशी, हे काय हो?” मी थेट स्वयंपाकघरात शिरले.

“अगं, मला काय हौस आहे का? डॉक्टरांनी बजावून ठेवलंय.”

“मग त्या दिवशी टोमॅटो घालूच नका.”

“आणि काय घालू? चाळीस माणसं आठवडाभर त्या लाल ताटाची वाट बघत असतात.” मावशींनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. “बरं, असं कर. शनिवारी दुपारपर्यंत टोमॅटोशिवाय सॉस करून दाखव. मला चव पटली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, तर रविवारी सगळ्यांना तोच. नाहीतर मीठ.”

“झालंच म्हणून समजा!” मी म्हटलं. कसा करायचा, हे मला ढिम्म माहीत नव्हतं.

मंगळवारी मी बीट उकडलं. लाल तर लाल! ते वाटून, मीठ घालून मी बल्लवसमोर ठेवलं. बल्लव हा आमचा स्वयंपाकी यंत्रमानव. त्याला चार हात आहेत, जीभ नाही, पण त्याच्या बोटांच्या टोकांना संवेदक (चव आणि वास मोजणारी उपकरणं) आहेत.

“टोमॅटो सॉसशी साम्य अकरा टक्के,” बल्लव म्हणाला. “मातीचा वास येतो.”

“तुला कोणी विचारलं?”

“तूच विचारलंस.”

मी भांडं आपटलं. नेमके तेव्हाच पाध्ये आजोबा चहा घ्यायला आले. ते माझे सख्खे आजोबा नव्हेत, पण वसाहतीतल्या सगळ्या मुलांचे आजोबा तेच. मूळचे गुहागरचे, आणि वनस्पतींमध्ये कोणकोणती रसायनं असतात ते शोधण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यांनी बिटाचा एक चमचा खाल्ला आणि तोंड असं केलं, की बल्लवचे अकरा टक्केच बरे वाटले. मग त्यांनी मला तो सुरुवातीचा प्रश्न विचारला, आणि मी पाय आपटून म्हटलं, “काहीच नाही!”

“चूक,” आजोबा म्हणाले. “मागे कामं उरतात. गेल्या वर्षी देसाईकाका सहा महिने पृथ्वीवर गेले होते. त्यांच्या जागी कोण आलं?”

“कोणीच नाही. पाण्याचं आईने बघितलं, दरवाजांचं बल्लवने, आणि हवेचे पंखे तुम्ही.”

“म्हणजे एका माणसाची कामं तिघांनी वाटून घेतली. तू मात्र टोमॅटोच्या जागी एकच भाजी शोधत बसली आहेस. अशी भाजी नाही, बाळा. आधी टोमॅटो कायकाय करतो ते लिहून काढ.”

बुधवारी मी आणि बल्लवने साधा टोमॅटो सॉस समोर ठेवून मोजमाप केलं. तो लाल असतो, हे तर दिसतच होतं. तो आंबट असतो, कारण त्यात आम्लं (जिभेला आंबट लागणारे पदार्थ) असतात. मागून थोडा गोड लागतो. शेवयांना धरून राहतो, पाण्यासारखा खाली गळत नाही, कारण त्यात गर आणि पेक्टिन (फळातला चिकट, दाटपणा आणणारा घटक) असतं. इथवर मला कळत होतं. पण बल्लवचा एक काटा बराच वर गेला होता.

“हे ग्लुटामेट,” आजोबांनी सांगितलं. “प्रथिनं ज्या छोट्या घटकांची बनतात त्यांतला हा एक. तो मोकळा असला की जिभेला एक भरीव चव लागते. गोड नाही, आंबट नाही, खारट नाही आणि कडूही नाही. तिला उमामी म्हणतात. पदार्थ नुसता रुचकर लागतो, पण का ते सांगता येत नाही, तेव्हा बहुतेक वेळा हीच असते.”

आता मी हरितगृह पालथं घातलं. दाटपणाला लाल भोपळा आणि गाजर. त्यांचा केशरी रंग आणि बिटाची एकच छोटी फोड मिसळली की हुबेहूब टोमॅटोचा लाल! आणि एवढ्याशा बिटाला मातीचा वासही येत नाही. गोडीसाठी मंद आचेवर अर्धा तास परतलेला कांदा. उमामीसाठी अळिंबी (मशरूम), बारीक चिरून, पाणी आटेपर्यंत भाजलेली. जुईला हे सगळं चालतं, ते डॉक्टरांच्या नोंदवहीत होतं. मी प्रत्येक नावापुढे खूण केली, मगच हात लावला.

अडलं ते आंबटपणाशी. लिंबू पिळून उकळलं, तर कडवट झालं. व्हिनेगर नाकात गेलं. गुरुवारचा अख्खा दिवस मी सॉस ओतून देत आणि पुन्हा करत होते. जुई दाराशी येऊन उभी राहिली.

“ताई, राहू दे ना. मीठ वाढते मी.”

“अजिबात नाही! पाणी आण.”

तिने पाणी आणलं, आणि मग ती गेलीच नाही. भोपळ्याच्या बिया काढत बसली.

संध्याकाळी आजोबा एक डबी घेऊन आले. चंद्रावर येताना प्रत्येकाला खासगी सामान फक्त पाच किलो आणता येतं. त्यातलं अर्धा किलो आजोबांनी आमसुलं आणली होती. आता पंधरा उरली होती.

“आजोबा, तुमची सोलकढी!”

“गप्प बस आणि सात भिजत घाल. उरलेली ठेवून देतो, चुकलीस तर लागतील.”

आमसुलाचं आम्ल उकळून कडू झालं नाही. शुक्रवारी सकाळी लसूण आणि ओव्याची फोडणी देऊन सॉस तयार झाला. बल्लव म्हणाला, “साम्य एकोणनव्वद टक्के.” मावशींनी चमचाभर खाल्ला, मग वाटीभर खाल्ला, आणि म्हणाल्या, “अगं बाई! हे फसवं आहे हं!”

“जुई, तू सांग, टोमॅटोसारखा वाटतो का वासावरून?” मी विचारलं.

“मला काय माहीत टोमॅटो कसा असतो?” जुई म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

पण जुईने खाण्याआधी तपासणी व्हायलाच हवी होती. डॉक्टर तडवी तपासपट्टी घेऊन आल्या. टोमॅटोतल्या त्रासदायक प्रथिनाचा कणभर अंश असला, तरी ही पट्टी निळी होते.

पट्टी निळी झाली.

मी ओरडले, “पट्टी खराब आहे!” डॉक्टरांनी शांतपणे दुसरी काढली. तीही निळी. जुईने हातातला चमचा खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडली नाही. ते पाहून मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली.

“पण एवढ्याशाने काय होतंय?” मावशी म्हणाल्या.

“होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती (जंतूंशी लढणारी यंत्रणा) म्हणजे दारावरचा रखवालदार. जुईच्या रखवालदाराने टोमॅटोतल्या एका प्रथिनाला चोर ठरवून टाकलंय. चोर एक असो की शंभर, तो शिट्टी फुंकणारच. सूज, गांधी, श्वासाचा त्रास, ही सगळी त्या गोंधळाची फळं. याला अ‍ॅलर्जी म्हणतात. आणि टोमॅटोतली काही प्रथिनं अशी चिवट, की शिजवूनही मोडत नाहीत.”

“मग ते आलं कुठून?” जुईने विचारलं. “ताईने तर घातलाच नाही.”

हा प्रश्न रडून सुटणार नव्हता. मी म्हटलं, “एकेक तपासू या.” भोपळ्याची पट्टी पांढरी. गाजर, बीट, कांदा, लसूण, ओवा, अळिंबी, आमसुलाचं पाणी, सगळं पांढरं. पातेली नवी होती, तीही पांढरी. बाटलीतलं तेल पांढरं. मग जुईने फोडणीच्या पळीत उरलेल्या तेलाकडे बोट दाखवलं, आणि त्यात बुडवलेली पट्टी निळी झाली.

मावशी मटकन बसल्या. “अगं देवा! ही पळी मी कधी साबणाने धुतच नाही. लोखंडाची आहे ना, नुसती पुसून टांगते. तेल मुरलं की फोडणी छान बसते. आणि दर रविवारी फोडणी झाली की गरम पळी तशीच सॉसमध्ये बुडवते, चर्र करून.”

म्हणजे कित्येक रविवारांचा सॉस त्या लोखंडात तेलाबरोबर मुरत गेला होता. पृथ्वीवरही घरोघरी हेच करतात, आणि त्यात काही चुकतंय असं कोणाच्या मनातही येत नाही. मावशींनी जुईला जवळ घेतलं. “चुकले गं मी,” त्या म्हणाल्या.

“मग नवीन पळी करू या,” जुई म्हणाली.

बल्लवने कार्यशाळेत चंद्राच्या मातीतून काढलेल्या लोखंडाची पळी ठोकली. आजोबांनी उरलेली आठही आमसुलं भिजत घातली. शनिवारी स्वयंपाकघर धुऊन काढलं, ओटा पुसला, डाव बदलले, आणि मी एकेका वस्तूला पट्टी लावून मगच आत घेतली. दुपारी बारा वाजता डॉक्टरांनी पातेल्यात पट्टी बुडवली. पाच मिनिटं आम्ही तिच्याकडे बघत होतो. ती पांढरीच राहिली. मग त्यांनी औषधाची पेटी उघडून शेजारी ठेवली आणि जुईला आधी थेंबभर, मग थोड्या वेळाने चमचाभर सॉस दिला. तासाभरानंतरही तिला काही झालं नाही.

“कसा लागतो?” मी विचारलं.

“रविवारी सांगते,” जुई म्हणाली.

रविवारी चाळीसच्या चाळीस माणसं पंगतीत बसली. स्वयंपाकघरात टोमॅटोचा एक तुकडाही नव्हता. जुई एका हातात पातेलं आणि दुसऱ्यात डाव घेऊन निघाली, “घ्या हो काका, अजून घ्या, लाजू नका,” म्हणत. एक थेंब उडाला तो थेट तिच्या स्वतःच्या गालावर बसला. आईने दचकून हात पुढे केला, मग तिला आठवलं, आणि तिने हात मागे घेतला. जुईने जिभेने थेंब चाटला आणि पुढे गेली.

शेवटी पंगतीच्या मधोमध तिचं ताट मांडलं आणि सगळ्यांनी तिला वाढलं. पहिला घास खाऊन ती म्हणाली, “छान आहे. पण आंबट थोडं कमी हवं.” आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

जेवण होत आलं तेव्हा डॉक्टर तडवींनी सांगितलं, की पुढच्या यानाने एक कुटुंब येतंय. त्यांच्या मुलीला, मीराला, गहू चालत नाही. पास्ता तर गव्हाचाच.

“अरे बापरे,” मावशी म्हणाल्या.

मी अजून गव्हाचा विचारच करत होते, तेवढ्यात जुईने तोंडातला घास गिळला.

“ताई, गहू कायकाय कामं करतो ते लिहायला घेऊ. उद्या सकाळी सातला स्वयंपाकघरात ये. उशीर केलास तर मी एकटीच सुरू करीन.”