मोकळा क्रमांक

या, असे जवळ सरका. मागून येणाऱ्यांनाही जागा असू द्या. आज एक गोष्ट सांगतो. तिच्यात भूत नाही. असतं तर मला बरं वाटलं असतं.

आमचं काम असं. एका थोरल्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालतात, आणि प्रत्येकाला वाटतं, या घरात आपण एकटेच. देवाने आपल्यालाही असंच ठेवलंय म्हणा! त्या सगळ्यांना सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणजे हायपरवायझर. आभासी संगणक एका यंत्रातून दुसऱ्यात न्यायचा तर त्याला क्षणभर थांबवायचं आणि विचारायचं, बाबा, तुझ्याकडे कोणकोणते खण आहेत? या खणांना रजिस्टर म्हणतात. हातातले आकडे तो त्यांत धरून असतो. तो सांगेल तेवढे खण जसेच्या तसे पलीकडे न्यायचे आणि त्याला पुन्हा सुरू करायचं. एक जरी मागे राहिला, तर पलीकडे जागा होतो तो दुसराच कोणीतरी.

ही विचारण्याची रीत बांधली काकांनी. आमच्यात तेच सगळ्यांत ज्येष्ठ. प्रत्येक खणाला एक क्रमांक, आणि त्यांनी मुद्दाम पुष्कळ क्रमांक मोकळे सोडले होते. "उद्या कोण येईल, काय घेऊन येईल, कोणाला ठाऊक? आलेल्याला दारात ताटकळत ठेवू नये." मोकळ्या क्रमांकाला विचारलं की उत्तर यायचं, 'अशी जागा नाही.' आमचे प्रोग्रॅम तपासणाऱ्याने, ज्याला आम्ही शंकासुर म्हणतो, एकदा विचारलं, "काका, त्यापेक्षा शून्यच पाठवू की! काय फरक पडतो?"

काकांचं बोट टेबलावर चालू होतं. बोलताना ते नेहमी ठेका धरत. तीन जलद, मग थांबून एक. ते बोट थांबलं.

"शून्य म्हणजे कोणी नाही असं नव्हे रे. शून्य म्हणजे कोणीतरी गप्प बसलंय."

पुढे काकांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ते रुग्णालयात बेशुद्ध होते आणि त्यांची मुलगी, आमची ताई, उशाशी बसून होती. इकडे काकांचं जुनं यंत्र तापून बंद पडायला आलं. त्यातला त्यांचा आभासी संगणक दुपारीच नव्या यंत्रात हलवायचं ठरलं.

मी खणांची चौकशी केली. नेहमीची उत्तरं आली आणि शेवटी एक मोकळा क्रमांक बोलला.

"हा कोण उपटसुंभ?" शंकासुर म्हणाला.

आम्ही सगळा प्रोग्रॅम चाळला. त्या क्रमांकासाठी कोणी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. खणातला आकडा मात्र वाढत होता. तीन जलद. मग थांबून एक.

शंकासुराने माझ्याकडे पाहिलं.

मी ताईला फोन लावला. "कसे आहेत?"

"तसेच, दादा. फक्त उजवं बोट हलतंय चादरीवर. डॉक्टर म्हणाले, ते आपोआप होतं. त्यात काही नाही."

"फोन जरा जवळ धरशील?"

कापडावर नखाचा बारीक आवाज. पडद्यावरचा आकडा. दोन्ही एकदमच.

"योगायोग," मी म्हणालो. माझ्या शिक्षणाला तेवढंच म्हणता येत होतं.

जुन्या यंत्राचा पंखा घरघरला. हलवलं नाही तर सगळंच जाणार होतं. फोन चालूच ठेवून मी आभासी संगणक थांबवला. आकडा गोठला.

"दादा, बोट थांबलं."

खण पलीकडे निघाले. एकेक रुजू झाला. शेवटच्यावर नवं यंत्र म्हणालं, 'अशी जागा नाही.'

"दादा, श्वास घेत नाहीयेत! अहो डॉक्टर! कोणीतरी या हो!"

शंकासुर ओरडला, "लिही ना! बघतोस काय!"

लिहिलं. फार लिहावं लागलंच नाही. काकांनी जागा सोडलेली होती. कोणाला उठवावं लागलं नाही, काही मोडावं लागलं नाही. क्रमांक उघडला. आकडा ठेवला. आभासी संगणक पुन्हा सुरू केला.

आकडा हलेना.

मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

तीन जलद.

मग थांबून एक.

फोनवर ताई रडत होती. "आले, दादा. परत आले."

काका घरी आले. वाचा गेली ती गेलीच. मी भेटायला गेलो, सगळं सांगितलं, हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत. मोठ्या कष्टाने पलंगाच्या कडेला सरकले आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर माझ्याकडे बघत हलकेच थापटलं.

दुसऱ्या दिवशी सवयीने मी मोकळ्या क्रमांकांना विचारून पाहिलं. अशी जागा नाही. अशी जागा नाही. काकांचा ठेका चालू होता. त्याच्या शेजारच्या क्रमांकाने मात्र उत्तर दिलं.

शून्य.

अजून ते शून्यच आहे. रोज बघतो. तुमच्यापैकी कोणावर कधी काकांचा तो आभासी संगणक हलवायची वेळ आली, तर तो खण मागे ठेवू नका. तिथे कोण बसलंय, मी विचारलेलं नाही. पण हात जोडता तेव्हा त्याची आठवण ठेवा. नाव हवंच असेल, तर माझं घ्या.