झोळ्यांची बाजू

भालकीत चार माणसं एकत्र आली की पाच समित्या निघतात, असं अंकुशराव वकील स्वतःच म्हणायचे. तरीही गावातल्या बंद पडलेल्या जिनिंगसाठी समिती निघाली, तेव्हा तिचं अध्यक्षपद त्यांनी कुणी आग्रह करायच्या आत घेऊन टाकलं.

ही जिनिंग उदगीरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला. भागातला कापूस गेला, सोयाबीन आलं, यंत्रं भंगारात निघाली, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. उरली होती ती दगडी भिंतींची, पत्र्याची उंच शेड, आतल्या सागवानी तुळया आणि कोपऱ्याकोपऱ्यांतून अजून न गेलेला सरकीचा खवट वास. भाडेपट्टा संपून जागा पुरसभेकडे, म्हणजे गावच्या नगरपालिकेकडे आली आणि तिथं दुकानांचं कॉम्प्लेक्स बांधायचं घाटू लागलं. समितीला मात्र तिथं पाळणाघर हवं होतं.

ही कल्पना श्रीलक्ष्मीची. ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची. नवरा हैदराबादला कंपनीत, आणि दीड वर्षाच्या वसूला सांभाळायला घरात दुसरं कुणी नाही. रोज कुणाच्या तरी दारात लेकरू ठेवून पळायचं, आणि त्या घरच्या बाईचा चेहरा बघून संध्याकाळी ओशाळं व्हायचं. पण कारण तेवढंच नव्हतं. कॉलेजच्या नव्या इमारतीवर म्हाळसा नावाची बाई विटा वाहायची आणि तिचं रांगतं पोर लिंबाच्या बुंध्याला लुगड्याच्या पट्टीनं बांधून ठेवायची. पोर पट्टी पुरेल तिथवर यायचं, ताण बसला की खाली बसायचं, आणि जरा वेळानं पुन्हा निघायचं. शिकवता शिकवता खिडकीतून श्रीलक्ष्मीला ते दिसलं आणि तिला स्वतःच्या तक्रारींची लाज वाटली. काहीही झालं तरी ही शेड दुकानांना जाऊ द्यायची नाही, असं तिनं त्या दिवशी मनाशी ठरवलं.

बैठका रविवारी दुपारी शेडमध्येच भरत. जागेवर हक्क सांगायचा तर जागेवर बसायला हवं, हा अंकुशरावांचा कायदा. दोन-चार बैठका झाल्या तेव्हा श्रीलक्ष्मीच्या लक्षात आलं, की आत सगळेच ओरडून बोलतात. भांडण नसायचं. नुसतं चहा घ्या म्हणायलासुद्धा अंकुशराव गळ्याच्या शिरा ताणत, आणि बाहेर ओट्यावर आले की त्यांचा आवाज आपसूक खाली येई. उंच शेड आहे, आवाज घुमत असेल, असं तिनं धरलं. मग एकदा सगळ्यांच्या आधी जाऊन तिनं मधोमध उभं राहून टाळी वाजवली. ती घुमली नाही. तळहातांना झोंबली, पण कानाला गादीवर चापट मारल्यासारखी लागली. दगड आणि पत्रा आवाज परत फेकतात, गिळत नाहीत, हे ती दर वर्षी मुलांना शिकवायची. तिनं दुसऱ्यांदा टाळी वाजवली नाही.

समितीत जिनिंगमध्ये प्रत्यक्ष काम केलेली एकटी गुरुबाई होती. बैठक संपली की ती ओट्यावर पाय पसरून बसे, आणि बाया तिच्याभोवती जमत.

"जिनिंग चालू व्हती तवा कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं बघा," ती सांगायची. "बाजूची बाई पडून मेली तरी कळायचं न्हाई. समदं हातावर. पानी पायजे, आसं. मुकादम आला, आसं." तिनं नसलेल्या मिशीला पीळ दिला आणि बाया खिदळल्या.

"आन लेकरं, मावशे?" म्हाळसानं विचारलं. पोटाशी पोर धरून तीही आता बैठकांना यायची.

"त्या तिकडच्या भिंतीला, तुळयांस्नी झोळ्या. लेकरू रडलं तर आईला कसं कळावं? मंग जी कोन झोळ्यांच्या बाजूला आसंल, ती हात वर करायची." गुरुबाईनं उजवा हात उंच धरून झोका दिल्यासारखा हलवला आणि बोट सरळ म्हाळसावर रोखलं. "तुजं रडायलंय, जा. आईलाच दाखवायचं, दुसरीला न्हाई. दुसरीनं काम सोडलं की मुकादम दिसाचा रोज कापायचा."

पुरसभेचा इंजिनिअर दोन सदस्यांना घेऊन मोजणीला आला, तो भर दुपारी. समिती आधीच येऊन बसली होती. अंकुशराव बोलायला उभे राहिले. श्रीलक्ष्मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती, तरी तिला नुसते ओठ हलताना दिसत होते आणि मधूनच एखादा तुटका शब्द येत होता. इंजिनिअरनं कानामागं तळवा धरला, पुढं वाकला, आणि शेवटी वैतागून बेंबीच्या देठापासून ओरडला, "अहो, आधी ते मशीन बंद करा की!"

ते मात्र सगळ्यांना ऐकू आलं.

इंजिनिअरनं शेडभर नजर फिरवली. फरशीत यंत्रांचे गंजके बोल्ट तेवढे उरले होते. त्यानं रुमालानं मान पुसली आणि तो बाहेर पडला. मोजणीची टेप आत तशीच राहिली, ती न्यायला पुन्हा कुणी आलं नाही.

पावसाळ्यापूर्वी कॉम्प्लेक्स स्टँडच्या बाजूला हललं आणि शेड समितीला मिळाली. आपल्या मुद्देसूद बोलण्याचा हा परिणाम, असं अंकुशरावांनी हार घालून घेताना सांगितलं. ते बोलणं कुणाला ऐकूच आलं नव्हतं, हे श्रीलक्ष्मीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पदरी पडलं, पवित्र झालं. तीही टाळ्या वाजवून मोकळी झाली.

पाळण्यांची सोय नव्हती, म्हणून त्याच तुळयांना झोळ्या बांधल्या. प्रत्येक आईनं आपापलं जुनेर दिलं. सांभाळायला समितीला एकच बाई परवडणार होती, म्हणून म्हाळसाला ठेवलं. विटा सुटल्या, पोरही जवळ. म्हाळसा पहिल्या दिवशी नवं लुगडं नेसून आली, तेव्हा श्रीलक्ष्मीला भरून आलं.

पाळणाघराचं नाव झालं ते एका गोष्टीनं. दारात टाहो फोडणारं लेकरू म्हाळसानं खांद्यावर टाकून उंबरा ओलांडला, की गप्प. तिच्या हाताला गुण आहे, असं बाया म्हणू लागल्या. "हितं लेकरं रडतच न्हाईत," हे ऐकून पार रेल्वेच्या पलीकडच्या बाया पोरं घेऊन यायला लागल्या. संध्याकाळी नेताना पोरांचे डोळे सुजलेले असत, घसे बसलेले असत. डोळे झोपेनं, असं आया म्हणत. घसे सरकीच्या जुन्या धुळीनं, असं अंकुशराव म्हणाले, आणि समितीनं भिंतींना पुन्हा चुना मारून घेतला. श्रीलक्ष्मी वसूला रात्री मध चाटवायची. सकाळी ती दारातूनच पळायची आणि संध्याकाळी दारातूनच लेकीला घ्यायची. आत जायला तिला सवड नव्हती.

त्या शनिवारी परीक्षा लवकर सुटली आणि ती आत गेली.

शेड गार होती. दाराशी म्हाळसा गोधडी शिवत बसली होती. पलीकडच्या भिंतीशी झोळ्यांची ओळ हळूहळू हलत होती. कुठं हूं नाही की चूं नाही. हे आपण केलं, असं तिच्या मनात आलं, आणि तिला त्या एका क्षणी खरोखर सुख वाटलं.

झोळ्यांच्या बाजूला एक बाई उभी होती. ओचा खोचलेला, केसांवर पांढरं काहीतरी. श्रीलक्ष्मीला वाटलं, गुरुबाई. ती ओळखीचं हसली.

पण ही गुरुबाईपेक्षा उंच होती.

बाईनं उजवा हात वर केला. झोका दिल्यासारखा हलवला. मग बोट सरळ श्रीलक्ष्मीवर रोखलं.

वसूची झोळी निळ्या साडीची होती. श्रीलक्ष्मीनं ती दोन्ही हातांनी फाकवली.

वसूचं तोंड उघडं होतं. मान लालबुंद झाली होती. गालांवर वाळलेले ओघळ होते आणि त्यांवरून नवे वाहत होते. मुठी आवळून ती जिवाच्या आकांतानं रडत होती.

आवाज नव्हता.

श्रीलक्ष्मीनं तिला उचललं आणि ती दाराकडे धावली. उंबऱ्याच्या बाहेर पाय पडला, तेव्हा कानाशी आवाज आला. बारीक, चिरका. सकाळपासून रडणाऱ्या पोराचा असतो तसा.

म्हाळसा गोधडी टाकून मागं आली. "कामून आणलाव भाईर, अक्का? गप्प व्हती की."

"आत ती कोण आहे?"

"ती व्हय? तुमच्या समितीनं ठेवलेली दुसरी बाई. पैल्या दिवसापसून हाय. बोलत न्हाई, पर ध्यान लई तिचं. माजं पोर रडलं की मला हात करती. मंग मी उठते, घेते."

"आणि बाकीची पोरं?"

"बाकीच्या टायमाला मला न्हाई दाखवत." म्हाळसानं रस्त्याकडं, गावाकडं बोट केलं. "हिकडं दाखवती. दाराकडं. दिवसभर दाखवतच आसती. मला वाटायचं, कुनाला तरी बोलवायली…"



श्रीलक्ष्मीनं उघड्या दारातून आत पाहिलं. शेड शांत होती. वारा पडला होता, आणि त्या टोकापासून या टोकापर्यंत सगळ्या झोळ्या हलत होत्या.