उजव्या चेनीची बॅग

कार्तिकात अवकाळी पाऊस आला, आणि त्या पावसासोबत तोही आमच्या दुकानात शिरला. आमच्या म्हणजे मालकाच्या... कळमनुरीच्या बाजारातलं गादी-रजईचं दुकान, मी तिथे कामाला. त्याच्या हातात एक निथळणारी स्लीपिंग बॅग होती.

"ही वाळवून मिळंल का?"

मी दाबून पाहिली. आतल्या पिसांचे गोळे झाले होते. "मित्राची मागून आणली जणू?"

"तुमाला कसं कळलं?"

"सोताची असती तर पावसात गाडीला बांधून आणली नसती."

तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे. तिथंच माझं चुकलं!

रुद्र त्याचं नाव. डोंगरकडा गावचा, घरी केळीच्या बागा. जानेवारीत हिमाचलात बर्फातून पायी हिंडायचं खूळ डोक्यात. मी मिना, बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. सहा वर्षं रजया भरून ऊब माझ्या हाताला कळते. तो दर बाजाराच्या दिवशी यायचा, मोबाइलवर बॅगा दाखवायचा.

"पिसांची हलकी असते," तो म्हणाला.

"पण भिजली की संपली. फायबरची घ्या. जरा जड हाय, पण भिजली तरी ऊब सोडत न्हाई."

"तुमच्यासारखी?"

"मला जड म्हणून राहिले का?"

"न्हाई हो... ते दुसरं म्हणून राहिलो."

मी सुईत दोरा ओवायला घेतला. तीनदा ओवला, तीनदा निसटला.

"अन् ही बघा, उणे दहा डिग्रीवाली!"

"त्या आकड्याला भुलू नका. उणे दहात जीव वाचतो, झोप लागत न्हाई. झोपेचा आकडा बारीक अक्षरात खाली असतो, तो बघा."

मग मी टेप घेऊन त्याचं माप घेतलं — डोक्यापासून टाचेपर्यंत. तो अगदी श्वास रोखून उभा.

"माप ज्याचं त्यालाच पायजे," मी बडबडत होते. "लांब झाली की पायाशी रिकामी जागा राहते. ती तापवता तापवता माणूस गारठतो."

"एक डाव्या चेनीची अन् एक उजव्या चेनीची घेतली, तर दोन्ही जोडून एकच होते म्हणं..." तो थांबला. "मिना, तुमची उंची किती?"

"काहून?"

"असंच."

असंच! त्याच्यासाठी मी डाव्या चेनीची मागवली. आणि त्याच दिवशी, कोणाला न सांगता, माझ्या पगारातून एक उजव्या चेनीची. माझ्या मापाची. दोन्ही आल्या. माझी मी वरच्या फळीवर, रजयांच्या मागं लपवली. तो विचारेल, मग काढून दाखवायची... आणि त्याचा चेहरा बघायचा.

दोन बाजार तो आला नाही. तिसऱ्याला आला तो आई गोजरबाईंना आणि एका ठेंगण्या, हसऱ्या मुलीला घेऊन. शिवकन्या तिचं नाव. मागून मुलीकडची माणसं. आंदणाची गादी पसंत करायची होती.

रुद्र माझ्याकडे न बघता म्हणाला, "मिनाताई, माझी बॅग आली का? अन् अजून एक लागंल. उजव्या चेनीची."

ताई! एका सोयरिकीनं केवढं नातं जोडलं माझ्याशी!

मी शिडीवर चढले. रजयांच्या मागची माझीच बॅग काढली. शिवकन्या लगेच गादीवर आडवी होऊन आत शिरली.

"अगं बाई, पायाशी लईच जागा राहून राहिली!"

"कोणाच्या मापाची आणली गं पोरी?" गोजरबाई हसल्या.

रुद्रनं बॅगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे — डोक्यापासून टाचेपर्यंत. त्याचं हसू मावळलं. कळलं त्याला, सगळं कळलं. पण आईसमोर त्याच्या तोंडातून शब्द कधी फुटणारच नव्हता.

मी खाली बसले, बॅगेचं टोक दुमडलं. "यात काय तकलीफ, ताई? पायाशी एखादं स्वेटर कोंबायचं. रिकामी जागा भरून जाते."

"लई हुशार हाय हो ही!" शिवकन्या म्हणाली. तिचा राग करायची फार इच्छा होती, पण जमेना.

सगळे गाडीकडे गेले. तो दोन्ही बॅगा काखेत मारून दारात रेंगाळला.

"मिना..." नावामागची 'ताई' गळून पडली होती. "घरी तुझं नाव काढायची हिंमतच झाली न्हाई. तू... बरी हायस ना?"

आज पहिल्यांदा मला 'तू' म्हणाला. आज!

"उणे दहा," मी म्हटलं. "जीव वाचतो. झोप लागत न्हाई."