गार लागतंय का?

भुतं रात्रीच येतात असं वाटत असेल, तर हे वाचाच. भरदुपार होती. तीन वाजलेले. ऑपरेशन थिएटरमधले सगळे दिवे लख्ख. आणि हे माझ्या सख्ख्या मावशीसोबत घडलंय, त्यामुळे "काहीही फेकतेस" म्हणायचं काम नाही.

मावशी भूलतज्ज्ञ आहे. सिझेरियनच्या आधी ती बाईच्या पाठीत, मणक्यात इंजेक्शन देते. मग पोटावर बर्फाचा खडा टेकवून विचारते, "गार लागतंय का?"

"नाही" आलं की बधिर झालं. मगच सुरी.

त्या दिवशी टेबलावर एक शिक्षिका होती.

मावशीनं उजवीकडे बर्फ टेकवला. "गार लागतंय का?"

"नाही."

आणि डावीकडून...

"लागतंय."

अगदी हळू. दमलेला आवाज.

डावीकडे कोणीच नव्हतं.

"सिस्टर, तुम्ही बोललात?"

"मी? मी फक्त जांभई दिली, मॅडम."

सर्जन हसले. "आटपा मॅडम. बाळ शाळेत जायच्या वयाचं होईल आतच."

मावशीला हसू आलं नाही. तिनं आवाज ओळखला होता.

दीड वर्षापूर्वी याच टेबलावर एक शिवणकाम करणारी बाई म्हणाली होती, "लागतंय गार." पुढच्या केसेस खोळंबल्या होत्या. मावशी म्हणाली, "मनाचे खेळ असतात गं. डोळे मीट."

सुरी फिरली.

ती किंचाळली नाही. तिनं मावशीचं मनगट धरलं... आणि बाळ रडेपर्यंत सोडलं नाही.

मावशीला सगळं कळलं होतं. तरी कागदावर तिनं लिहिलं, 'रुग्णास वेदना नाहीत.'

ती बाई पुढे कसल्याशा तापानं गेली. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

मावशीनं बर्फ डावीकडे नेला.

शिक्षिका दचकली. "हो हो, इथे लागतंय."

एकच बाजू बधिर झाली होती.

मावशीनं सर्जनना थांबवलं. पुन्हा इंजेक्शन दिलं. पुन्हा दोन्हीकडे बर्फ लावून पाहिला. बाळ-बाळंतीण सुखरूप.

संध्याकाळी ती रेकॉर्ड रूममध्ये गेली. ती जुनी फाइल काढली. ते वाक्य सापडलं. पेनचं टोपण उघडलं...

"काय हवंय, मॅडम?" कारकुनानं विचारलं.

"काही नाही." तिनं फाइल परत ठेवून दिली.

हे सगळं तिनं मला आमच्या स्वयंपाकघरात सांगितलं, मान खाली घालून. मी मुलखाची आगाऊ. वातावरण हलकं करायला ग्लासातला बर्फ तिच्या मनगटावर टेकवला. "गार लागतंय का गं, मावशी?"



"नाही," ती म्हणाली. "ती फाइल ठेवली ना... तेव्हापासून पाच बोटांएवढ्या जागेत काहीच लागत नाही."

आता ती भर उन्हाळ्यातही लांब बाह्या घालते. 

फाइलमधलं ते वाक्य अजून तसंच आहे.