अडखळणारी कॅसेट

माझ्या मांडीवरच्या पिशवीतून माझा मेलेला भाऊ बोलला, तेव्हा वाशीमची एसटी नुकतीच एका खड्ड्यातून उडाली होती.

“माय... जेवली काय वं?”

गाडीतल्या गप्पा एकदम बंद. कंडक्टर मागे वळून पाहायला लागला. समोरच्या बाईनं तर लेकराला पदराखाली ओढलं. मी पिशवी पोटाशी घट्ट धरून बसले, कानाच्या पाळ्या नुसत्या तापलेल्या... आणि शेजारचा पोट्टा शांतपणे म्हणाला,

“जेवलो ना. पन मले माय म्हनून राह्यला कोन?”

“तुले नाई इचारलं!”

“मंग कोनाले?”

“माह्या मायले! टेप हाये त्याच्यात. बिघडला हाये. मनात आलं की थांबते, मनात आलं की चालू होते. झालं समाधान?”

“नाई झालं,” असं म्हणून त्यानं चक्क वाकून पिशवीला कान लावला.

“अनोळखी पोरीच्या पिशवीले कान लावते, लाज नाई वाटत?”

“पिशवीलेच लावला ना... पोरीले कुठी लावला?”

असा राग आला म्हणता! पण रागासोबत हसूही आलं, आणि हसू आलं म्हणून रडू आलं. गोविंदा गेल्यापासून माझं हे असंच चाललं होतं, एक आलं की मागून दुसरं हजर. तो पोट्टा पार गडबडला.

“माहा भाऊ हाये तो,” मी नाक पुसत म्हटलं. “होता.”

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. कपाशीची बोंडं फुटायला लागली होती, आश्विनातलं ऊन नुसतं भाजून काढत होतं. मग हळूच म्हणाला, “मी फुलचंद. बसस्टॅण्डासमोर जानरावच्या दुकानात रेडिओ नीट करतो. तुमच्या भावाले... लय सांभाळून पाहीन.”

गोविंदा मुंबईच्या गोदीत कामाला होता. मायला वाचता येत नाही, म्हणून त्यानं चिठ्ठी न लिहिता एक टेप विकत घेतला, एक कॅसेट भरून बोलला आणि दोन्ही वस्तू गावच्या माणसासोबत जऊळक्याला पाठवल्या. पोळ्याला येतो म्हणाला होता. त्याआधीच गोदीत त्याच्या अंगावर वरून पेटी पडली. पोळ्याला आली ती त्याची ट्रंक.

तेव्हापासून माय दिवसभर लोकांच्या वावरात राबायची आणि दिवे लागले की दार लावून टेप ऐकायची. तेवढा वेळ घरात कोणी नको, मीसुद्धा नको. मी शिवलेले ब्लाउज घरोघर द्यायला निघून जायची. निघताना दाराआडून दोघांचे आवाज ऐकू यायचे... कधी त्याचा, कधी तिचा. वाटायचं, रडत असेल बिचारी. ऐकून झालं की मगच ती भाकर खायची. आणि टेप चालूच झाला नाही की त्या दिवशी भाकर टोपल्यात तशीच. गोविंदा गेला, आता त्याचा आवाज जाऊन माय जाऊ नये, एवढ्यासाठी मी वाशीमला निघाले होते.

दुकानात फुलचंदनं काय केलं असेल सगळ्यात आधी? कॅसेटच्या पाठीवरचे दोन चिमुकले दात पेचकसनं मोडून टाकले. कट्... कट्.

“आगं माय! मोडली! अरे बह्याडा, काहून मोडली?”

“हे दात असले तं चुकून दुसरं बटन दाबलं जाते, अन् जुना आवाज पुसून नवा भरल्या जाते. आता तुह्या भावावर दुसरा कोनी चढूच शकत नाई. आता ओरड किती ओरडाचं ते.”

बघा, कधी ‘तुमी’चा ‘तू’ झाला ते त्यालाही कळलं नाही, मलाही नाही!

टेपच्या आतला रबरी पट्टा सैल झाला होता, तो त्यानं लगेच बदलला. पण खरं दुखणं कॅसेटचं होतं. माय तिला चुलीमागच्या कोनाड्यात ठेवायची, तिथल्या धगीनं प्लास्टिक वाकडं झालं होतं. आतलं चाक त्याच त्याच जागी अडकायचं, आवाज थांबायचा, जरा वेळानं चाक सुटलं की पुन्हा सुरू. एखाद्या दिवशी कायमचं अडकेल आणि फीत तुटेल, असं तो म्हणाला.

“मंग?”

“डबी फोडून फीत काढाची, नव्या डबीत बसवाची. नवी डबी अकोल्याहून येईन. तू... येत राह्यजो.”

टेप मायजवळ परत नेला, आणि मी येत राहिले. दर बाजाराला. डबी काही येईना. कधी अकोल्याचा माणूस आजारी, कधी गाडी चुकली. तोवर मला चहा मिळायचा, आणि त्याच्या गोष्टी. मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यावरच्या, त्याच्या याडीच्या, म्हणजे आईच्या. जमनाबाई नाव तिचं. दिवाळी झाली की अख्खा तांडा ऊसतोडीला निघायचा. लहानपणी फुलचंदही जायचा, बैलगाडीवर बसून, मांडीवर मोडका रेडिओ घेऊन. तो बोलायचा आणि हात आपले चालू. इतके हलके हात मी दुसऱ्या कोणाचे पाहिले नाहीत. डोळे मात्र कामावरून उठून सारखे माझ्याकडे यायचे.

एक दिवस जानराव पान थुंकून म्हणाला, “कॅसेटची डबी? थे तं कवाचीच आली, पोरी. ह्या फुलचंदच्याच खोक्यात हाये.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “लबाडा! माय माही उपाशी निजून राह्यली, अन् तू...?”

त्यानं खाली मान घातली. “आवाज नीट झाला तं तू अथी येशीन कायले, अंजना?”

मी खाली पाहून बांगडी फिरवत राहिले.

“पुन्याहून बोलावनं आलं हाये मले,” तो म्हणाला. “रेडिओच्या कारखान्यातून. दिवाळी झाली की जातो. तू चाल. अकोल्याले रजिस्टर लगन करू, अन् तशीच पुढची गाडी धरू.”

“तुह्या तांड्यावर मले कोनी उभी करनार नाई.”

“नाई करनार.”

“अन् माहा दौलतरावकाका तुही तंगडी मोडीन.”

“हाव. म्हून तं पुनं.”

घरी मायला सांगितलं. ती तूर निवडत होती. फुलचंदचं नाव ऐकलं, तांड्यावरचा म्हणून ऐकलं, आणि बराच वेळ सुपातले खडे वेचत राहिली. मी म्हटलं, “तू बी चाल ना वं आमच्यासंग.” तशी मान हलवली. “गोविंदाले हाच दरवाजा ठाऊक हाये.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तू जाय. मी एकटी कुठी हावो? गोविंदा हाये ना माह्याजवळ. कधी कधी तो बोलतच नाई, तेवढं नीट करून दे, अन् जाय.”

म्हणजे आता सगळं त्या बोटभर रुंदही नसलेल्या फितीवर आलं. ती वाचली तर मायला गोविंदा, आणि मला फुलचंद.

त्यानं दुकानाचं दार लोटून घेतलं, पंखा बंद केला. वाऱ्यानं फीत उडाली तर संपलंच. जुनी डबी चिकटवलेली होती, फोडल्याशिवाय उघडेना. कडकड करून ती फुटली तेव्हा मी डोळेच मिटले. “बोट ठेव अथी,” तो कुजबुजला, “चाकावर. दाबू नको... नुसतं ठेव.” त्याची बोटं माझ्या बोटांना लागत होती, लागून बाजूला होत होती. तपकिरी फीत, केसाच्या रिबिनीपेक्षा बारीक. माझा भाऊ तेवढाच उरला होता, आणि तो आम्हा दोघांच्या हातात होता. फुलचंदच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमला, आता पडतो की मग पडतो... मी दुसऱ्या हातानं पदराचं टोक घेतलं आणि टिपून घेतला.

“अशी टिपत राह्यली तं हात कापन माहा,” तो म्हणाला.

“गप बस. काम कर.”

नव्या डबीचे पेच बसले, बटण दाबलं, आणि गोविंदा बोलायला लागला. न थांबता, न अडखळता, घडाघडा. लाजाळूच होता तो पहिल्यापासून, भरभर बोलून मोकळं व्हायची सवय. फुलचंदनं माझ्याकडे पाहिलं. मी इतकी हसले, इतकी हसले... जुनी फुटकी डबी त्यानं कचऱ्यात टाकली, आणि मी त्याचा हात धरला.

त्या संध्याकाळी मी ब्लाउज द्यायला गेले नाही. दाराबाहेर ओट्यावर बसून राहिले. मायला खुश होताना ऐकायचं होतं मला.

“माय, जेवली काय वं? पाय दुखते काय अजून? छत गळत असन ना, काकाले सांगतलं काय...”

“हाव रे बाबा, आत्ताच... पाय ना... अरे थांब ना रे!” मायचा आवाज मध्येच फुटला. “आयक तं! गोविंदा... आयकून तं घे!”

दार उघडलं. मायचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

“हा माहा गोविंदा नाई. माहा गोविंदा इचारे, अन् थांबे. मी सांगो, तो आयके, मंग पुढचं बोले. हा आयकतच नाई वं अंजे!”

आता माझ्या ध्यानात आलं. चाक अडकायचं, आणि माय समजायची की लेक उत्तराची वाट पाहतो आहे. इतके दिवस दार लावून ती त्याच्याशी गप्पा मारत होती. आम्ही तिचा गोविंदा नीट केला आणि तो बहिरा करून टाकला.

भाकर टोपल्यात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही.

फुलचंदनं काय काय नाही केलं! पट्टा सैल केला, तर गोविंदा दारू प्यायल्यासारखा बोलला आणि मायनं कान झाकले. चाकाला कागद लावला, तर फीत ओरखडायला लागली. कचरा उपसला, जुनी डबी कधीच जळून गेली होती. शेवटी पेचकस ठेवून तो माझ्यासमोर बसला, डोळे लाल.

“नीट करनं शिकलो मी. बिघडवता नाई येत मले.”

मायला म्हटलं, तूच बटण दाबून थांबव ना. तिनं एकदाच दाबलं. “आपन दाबलं तं त्याचं तोंड दाबल्यावानी होते,” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मग मीच तिच्या पाठीमागं बसले. बटणावर बोट ठेवून. गोविंदानं विचारलं की थांबवायचं, मायचं सांगून झालं की चालू करायचं. ती भिंतीकडे पाहत बोलत राहिली, मी मागं बसले आहे हे तिला ठाऊक होतं, तरी वळून पाहिलं नाही. त्या दिवशी ती भाकर खायला बसली. दुसऱ्या दिवशी ब्लाउज द्यायला गेले तिथं मला उशीर झाला, तर ती दारात वाट पाहत उभी होती, उपाशी.

तेव्हाच मला कळलं की मी कुठंही जाणार नाही.

वाशीमहून अकोल्याला जाणारी आगगाडी जऊळक्याला दिवेलागणीच्या जरा आधी येते. ठरलं होतं की तो वाशीमला बसेल, मी इथं चढेन. मी गेले, पण हात रिकामे घेऊन. डब्याच्या दारात तो उभा होता, अंगात नवा सदरा. माझे हात पाहिले, आणि काही सांगावंच लागलं नाही.

“मी उतरतो,” तो म्हणाला. पेटी उचललीसुद्धा.

“उतरू नको.”

“काहून? अथी दुकान टाकीन. तुह्या काकाचा मार खाईन.”

“मार खाऊन तू दोन दिस राह्यशीन. मंग वस्ती हाकलन, तांडा हाकलन. तुही नवकरी बी जाईन, अन् मले तेच पाहात बसा लागन. जाय फुलचंद.”

“मी ते नीट केलंच नसतं तं...”

“तं एखांद्या दिवशी फीत तुटली असती. तुहा काई गुन्हा नाई. कोनाचाच नाई, तेच तं वाईट हाये.” म्हटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही. “माहा जीव हाये तुह्यावर. लय हाये. हे आयकून जाय.”

माझं बटणावर बसणारं बोट त्यानं हातात घेतलं आणि धरून ठेवलं, शिट्टी होईपर्यंत.

“सालभरानं येऊ काय?”

“नको येजो. वाट पाह्यनारी एक हाये ना आमच्या घरात... दुसरी नको.”

गाडी हलली. मी सोबत चालले नाही, की पळाले नाही. दिवे लागायची वेळ झाली होती, म्हणून घराकडे वळले.

माय भिंतीकडे तोंड करून बसलेली होती. मी मागं बसले, बटण दाबलं. जेवणाचं झालं, पायाचं झालं, छताचं झालं. मी थांबवत गेले, ती सांगत गेली. मग कॅसेटच्या अगदी शेवटी गोविंदा हसून म्हणाला, “अन् आपल्या अंजीचं काय? पोरगा पाह्यला काय तिच्यासाठी?”

मी थांबवलं.

रोज माय इथं म्हणायची, पाह्यतो रे बाबा, घाई कायची हाये. आज नुसती बसून राहिली.

“पाह्यला ना,” ती म्हणाली. “फुलचंद नाव हाये. लय हलका हात हाये पोराचा. आज संध्याकाळच्या गाडीनं गेली आपली अंजी त्याच्यासंग. हसत गेली. तू तिची काळजी नको करू, बाबा.”

मी पदर तोंडात कोंबला. तिनं मान हलवली, म्हणजे आता पुढं चालव, आणि मी बटण दाबलं.