सावलीकडची कड

बाबा चित्रातला चेहरा रंगवायचे आणि त्यांची धाकटी लेक त्यामागची पार्श्वभूमी. बापलेकीत वर्षानुवर्षं अशीच वाटणी होती. लोक चेहरा बघून माना डोलवत. मागे काय आहे ते कोण बघतो? पण बाबा आल्यागेल्याला ठणकावून सांगत की खरी कामगिरी मागच्या रंगाची. गुलाबी थापून गाल जिवंत होत नाही. मागे मळकट हिरवा द्या, साधा मातकट गालही उबदार दिसायला लागतो. आणि रंगाच्या आधी उजेड-अंधार बघायचा. त्यासाठी डोळे बारीक करायचे, म्हणजे सुरकुत्या, कापडावरची फुलं, सगळा फापटपसारा गळून पडतो आणि खरा आकार तेवढा उरतो. बाबांच्या हाताला तोड नाही असं धाकटीला वाटे, आणि ते खरंच होतं.

एक नियम ते कधीच मोडत नसत. सावलीकडच्या गालाची कड मागच्या रंगात विरघळलेली ठेवायची, गाल कुठे संपला ते कळू द्यायचं नाही. माणसाला आत-बाहेर करायला वाट लागते, असं म्हणायचे. धाकटी हसण्यावारी न्यायची.

आई गेल्यावर त्यांनी तिचं चित्र काढायला घेतलं. समोर फोटो ठेवला नाही. खिडकीजवळ तिची खुर्ची मांडली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत रंगवू लागले. कलत्या उन्हात आई कॅनव्हासवर अशी काही उतरली की धाकटीने वळून रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. पांढरा रंग जवळजवळ नव्हताच, तरी कपाळ उजळलं होतं. ओठ तर आता म्हणतील, पसारा आवर आधी.

मग खोलीत आईच्या तेलाचा वास येऊ लागला. खुर्चीची गादी मधोमध दबलेली दिसू लागली. बाबा रंगवता रंगवता हळू आवाजात बोलत, थांबत, मान हलवत. दुःखात माणूस स्वतःशी बोलतोच, अशी धाकटीने मनाची समजूत घातली. पण त्यांचं जेवण सुटलं होतं. एका दुपारी तिने सवयीने डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. बाबांचा डावा खांदा मागच्या भिंतीत विरघळला होता. डोळे उघडले तर खांदा जागेवर होता, फक्त सदऱ्याचा रंग मळकट हिरवा दिसत होता.

"बाबा, आता पुरे करा ना हे चित्र."

"तुझी पार्श्वभूमी राहिलीय की," ते हसून म्हणाले. "आणि ती कड तशीच ठेव हं."

आई गेलीच होती. बाबाही गेले तर या घरात तिला कोण उरणार होतं?

ते आत आडवे झाले तेव्हा तिने काळपट हिरवा कालवला आणि आईच्या सावलीकडच्या गालाला लागून कड ओढली. कपाळापासून हनुवटीपर्यंत, स्वच्छ आणि ठाम. रंग वाळू द्या, असं बाबांना सांगून चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

बाबा पोटभर जेवू लागले. तोंडावर तरतरी आली. खांदा भिंतीपासून नीट सुटा दिसू लागला. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

रंग वाळल्यावर बाबांनी चित्र वळवलं. कपाळ तेच होतं, ओठ तेच होते, हाताची करामतही तीच. पण त्या डोळ्यांतून बघणारं कोणी नव्हतं. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. रागावले नाहीत.

"कड ओढण्याआधी आत कोण आहे ते तरी बघायचंस गं," ते म्हणाले. "ती तेव्हा माझ्याशी बोलायला बाहेर आली होती."

धाकटीने खुर्चीकडे पाहिलं. रिकामी होती.

तिने डोळे बारीक केले.

भिंतीवरचे ओरखडे गेले. खिडकीचे गज गेले. खुर्चीत बसलेला एक गडद आकार उरला, तिच्याकडे मान वळवलेला.

कपाळापासून हनुवटीपर्यंत त्याची कड स्वच्छ होती. तिथला रंग अजून ओला होता.